वहिनींची पट्टी

यावर विश्वास ठेवावाच असा आग्रह नाही. पण यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो आजही कार्यक्रमाला उसना कीबोर्ड घेऊन जातो.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

जागा त्याच्या घरातली मागची खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला जुनी गादी टेकवलेली. मधोमध स्टँडवर त्याचा स्वतःचा कीबोर्ड. स्वस्तातला, काखेत मारून नेता येईल इतका हलका. रात्री स्टेजवर वाजायचा, दिवसा इथे रेकॉर्डिंगला. ऑर्केस्ट्रात सगळे त्याला बटणमास्तर म्हणत.

त्या कीबोर्डवर एक बटण होतं. बोटं त्याच जागी ठेवून गाण्याची पट्टी वर किंवा खाली नेणारं.

आदल्या वर्षी त्याच बटणानं त्यानं आपल्या थोरल्या वहिनींचं गाणं संपवलं होतं.

वहिनी ऑर्केस्ट्रातल्या जुन्या गायिका. मॅनेजरला नवा, तरुण गळा हवा होता. "त्यांना तोंडावर नको कोण म्हणणार? तूच काहीतरी जमव," असं तो म्हणाला होता.

कार्यक्रमाआधी वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, घसा बसलाय. पट्टी जरा खाली घ्या हं. नाहीतर आज माझाच बँड वाजेल!"

त्यानं हसून मान डोलावली...

आणि पट्टी वर नेली.

वरच्या सुरावर वहिनींचा आवाज फाटला. लोक हसले.

परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "माझा गळा गेला, भाऊजी."

तो गप्प राहिला.

त्यानंतर वहिनी स्वयंपाकघरातही गुणगुणल्या नाहीत. पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

त्या दुपारी त्यांची मुलगी त्याच्याकडे गायला आली होती. तिचं पहिलंच रेकॉर्डिंग.

"काका, माझ्याच पट्टीत ठेवलंय ना?"

"अगं, शून्यावर आहे. गा निर्धास्त."

ती गाऊ लागली. सुरेख गात होती.

मग... सूर चढू लागला.

त्याचे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले. बटणाजवळ कुणीही नव्हतं. तरी कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर पट्टीचा आकडा शून्याचा एक झाला...

एकाचे दोन.

वरच्या सुरावर मुलीचा आवाज फाटला. ती रडू लागली.

"माझाही गळा आईसारखाच निघाला. मी नाही गाणार पुन्हा, काका."

त्यानं एक सूर दाबून पाहिला. आवाज नाही. दुसरा दाबला. कीबोर्ड मुका...

जणू कुणीतरी ऐकायला थांबलं होतं.

"तुझा गळा ठणठणीत आहे," तो कसाबसा म्हणाला. "या बटणानं पट्टी वर जाते."

ती पडद्याकडे पाहत राहिली.

"आणि आईच्या वेळी?"

त्यानं सगळं सांगितलं. मॅनेजर, बटण, गाडीतलं ते गप्प राहणं. काही राखून ठेवलं नाही.

तिनं चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "आई शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत होती. तुम्ही रोज जेवायला यायचात ना आमच्याकडे?"

दार लागलं.

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. त्यानं ते थांबवलं आणि ऐकलं. मुलीचं गाणं होतं. रडणं होतं. 'आणि आईच्या वेळी?' हा तिचा प्रश्नही होता. त्यापुढे त्याची कबुली असायला हवी होती...

ती नव्हती.

तिथे नुसती शांतता. आणि अखेरीस, माइकच्या अगदी जवळ, एक श्वास. गायिका मुखडा उचलण्याआधी भरून घेते, तसा.

सूर मात्र आलाच नाही.

बटणमास्तर रोज ते ऐकतो आणि डोळे मिटून वाट पाहतो.

अजून तरी तो श्वास कुणी सोडलेला नाही.