शिक्र्याच्या नावासाठी

छत्तीस सालचा पौष. सांगवीच्या शिवारात ज्वारी चिकात आली होती. बांधावरच्या बाभळीतून शिक्रा सुटला, चिमणी उचलून गेला. आणि ते बघायला अलीकडच्या रानातून गेणू, पलीकडच्या रानातून रतन, एकदमच धावली. दोघांच्या हातात गोफणी. रतन पलीकडच्या रानाच्या मालकीणबाई द्वारकाबाईची भाची, आत्तीकडे राखणीपुरती आलेली.

"काय पिवळंधमक डोळं!" ती म्हणाली. गेणू मात्र तिच्याच डोळ्यांत अडकला...

तेवढ्यात कालव्याचे कारकून मोहनराव सायकलवरून उतरले. "शिक्रा हा मूळ फारसी शब्द, बरं का. म्हणजे शिकार करणारा."

"अगं बाई! किती ठावं हाय तुमास्नी!"

झालं. मोहनराव रोज यायला लागले. आज घार, उद्या ससाणा. रतन हनुवटीला हात लावून ऐकायची, आणि पलीकडे गेणूला भाकर गोड लागेना. मळणी झाली की ती गावी जाणार. जाताना मनात कुणाला नेणार?

एका पहाटे तो तडक इंदापूरला चालत निघाला. तिथला रावजी म्हातारा तरुणपणी एका सरदाराचे शिकारी पक्षी सांभाळायचा. मोहनरावांना ठाऊक नाही असं काहीतरी त्याच्याकडून आणायचं, एवढंच डोक्यात. राखण कुणाला सांगायची राहिली, हे त्याला इंदापूरच्या वेशीत आठवलं!

चौथ्या दिवशी धापा टाकत तो रानात शिरला. कणसं जिथल्या तिथं. आणि त्याच्या मचाणावर, गोफण फिरवत... रतन.

"कुठं उलथला होतास?" तिचा घसा पार बसलेला. "चार दीस दोन्ही रानं राखतीया मी!"

"आन्... मोहनराव?"

"त्येंना म्हटलं, एक गोफण धरा. गेलं सायकल घेऊन."

गेणूला हसू आवरेना. "रावजीआबा म्हंत्यात, शिक्रा हे मादीचं नाव. शिकारीण ती. नर ल्हान. त्याला चिपका म्हंत्यात."

"व्हय? मंग ह्यो चिपका काय करतो?"

"जळतो," गेणू खाली बघत म्हणाला. "जळत जळत इंदापूरला जाऊन येतो. रतन... मळणी झाल्यावर जाऊ नगंस. आत्तीला इचारू?"

ती खाली उतरली, गोफण त्याच्या हातात दिली. तिच्या तळव्यावर फोड आले होते. त्याने हळूच फुंकर घातली. तिने हात काढून घेतला नाही — लगेच तरी नाही.

"आधी राखण कर," म्हणत ती निघाली. बांधावर थांबली, वळली, आणि बसक्या आवाजात ओरडली,

"सांजच्याला घरी ये, चिपक्या! आत्तीला सांगून ठेवते."