बिस्किटांवरचं हरीण

“पैज लावते आई, हे कुणालाही खरं वाटणार नाही!” गप्पीने फतकल मारली. मामा गालातल्या गालात हसला. धाकट्या भुंग्याने कान टवकारले. गप्पीची गाडी सुटली!

सुट्टीत गप्पी, भुंगा आणि मामाची मुलगी चश्मिस टांकसाळ बघायला गेली होती. नव्या नाण्यावरचं हरीण मामाने घडवलं होतं. आधी ताटाएवढी प्लास्टरची चकती करायची, मग यंत्राने तेच चित्र लहान करून नाण्याच्या ठशावर उतरवायचं, अशी तिथली रीत. त्या चकतीपायी मामाने वर्षभर डोळे फोडले होते. आणि तीच गायब!

“दुपारच्या भोंग्याआधी मिळाली नाही, तर जुनंच नाणं चालू राहील!” टांकसाळीचे साहेब मामावर गरजले. “तुमचाच गलथानपणा!”

मामाचा चेहरा उतरला. गप्पीचे पाय ठरेनात.

“चला, शोधू!”

“उपाशीपोटी?” भुंगा कुरकुरला.

मग आधी उपाहारगृह! ताज्या बिस्किटांची ताटली समोर आली. गप्पीने एक उचललं आणि ती ताडकन उठली. बिस्किटावर खूर! दुसऱ्यावर शेपूट!

“खबरदार! कुणी खाऊ नका!”

तिघांनी बिस्किटं भराभर जुळवली. पाय, पोट, पाठ... डोकं तेवढं नव्हतं.

“बाबांचं हरीण उजवीकडे पळतं, हे डावीकडे,” चश्मिस पुटपुटली. “आणि खोलगट! म्हणजे कुणीतरी चकतीच पिठावर दाबून मग त्याची बिस्किटं कापलीत!”

तिघं मुदपाकखान्यात घुसली. आचारी चकती उचलून पिठावर दाबणार, इतक्यात—

“काका, थांबा!”

“का गं? झकास साचा आहे! काल साहेब चहा प्यायला आले, इथेच ठेवून गेले. मला वाटलं, बक्षीस दिलं!”

मागून मामासोबत धावत आलेल्या साहेबांचं तोंड पिठाहून पांढरं पडलं. मामाने कुंचल्याने पीठ झटकलं. ओरखडासुद्धा नव्हता! चकती यंत्रावर चढली आणि भोंगा वाजला.

“चूक माझी होती,” साहेबांनी मामाचा हात धरला. “पोरांनो, आज तुम्ही अब्रू राखलीत!”

“आणि आई,” गप्पी मान ताठ करून म्हणाली, “पोटात कावळे कोकलत होते, तरी पुराव्याचा एक कणही मी तोंडात टाकला नाही!”

“खोटं!” भुंगा किंचाळला. “खूर मी दाखवला! तेव्हा ताई हरणाचं डोकंच चावत होती!”