काचवालीने केलेली पेटी

एरवी काचवाली माप घ्यायला कुणाच्या घरी जायची नाही, पण या कामाला नाही कसं म्हणणार? फणीवालीच्या सात भावांचा निरोप आला होता, बहिणीसाठी काचेची पेटी हवी. सावत्र आईने दिलेल्या सफरचंदाचा एक घास खाल्ला आणि ती बिचारी आडवी झाली. श्वास नाही, नाडी नाही, पण अंग काही खराब होईना. वैद्यबुवा म्हणाले, हिच्यावर खरा जीव असलेल्या माणसाने ओठांना ओठ लावले तर उठेल. मग काय, नवरदेवांची ही रांग लागली. एकाच्याही हाती काही लागलं नाही.

लागणार कसं? खरा जीव होता तो काचवालीचा. लोक त्यांना मैत्रिणी म्हणायचे, आणि त्या म्हणू द्यायच्या. पुढे दोघींनी पळून जायचं ठरवलं आणि ऐन वेळी काचवालीने पाय मागे घेतला. फणीवालीने तिच्या दुकानातल्या सगळ्या काचा फोडल्या, हिने भर बाजारात तिचे वाभाडे काढले. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

दुपारपर्यंत पेटीच्या चारही बाजू जोडून झाल्या. भावांनी बहिणीला आत निजवलं.

"झाकण तेवढं तुम्हीच बसवा, बाई," थोरला म्हणाला. "आमच्याच्याने बघवत नाही."

दार लोटलं गेलं. खोलीत पुट्टीच्या तेलाचा वास कोंडला होता. बाहेर भावांपैकी कुणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. काचवाली वाकली.

"ए... रागावली असशील. रागाव हवं तेवढं. पण ऊठ गं..."

तिने ओठ टेकवले. गार होते, पण मऊ.

फणीवालीच्या घशात काहीतरी हललं. सफरचंदाचा तुकडा ओठांतून उशीवर घरंगळला आणि तिने डोळे उघडले. काचवालीला रडू फुटलं.

"मी आहे गं... मीच."

फणीवालीने तिला ओळखलं. नीट ओळखलं, यात शंकाच नको. मग तिने चाचपडत तो तुकडा उचलला, तोंडात घातला, सावकाश चावून गिळला. तोंड पलीकडे फिरवलं आणि डोळे मिटले.

काचवालीने पुन्हा ओठ टेकवले. पुन्हा पुन्हा टेकवले. काही नाही.

"झालं का, बाई?" बाहेरून आवाज आला.

तिने झाकण बसवलं, कडेने पुट्टी दाबली आणि दार उघडलं. पेटीच्या डाव्या अंगाला तिला मान आणि वेणीच दिसत होती, म्हणून ती वळसा घालून उजवीकडे गेली. तिथूनही मान आणि वेणीच.

थोरला येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. बराच वेळ तो काचेतून बघत होता.

"चेहरा किती शांत आहे हो," तो हळूच म्हणाला. "डोळे मिटलेत, तरी आपल्याकडेच बघतेय, असं वाटतं."