कांद्याच्या कोठीत ठिणगी का पडेना?

भोपळ्याची ठिणगी काही पडेना, आणि केतकीला हसू आवरेना.

भोपळ्या म्हणजे आबांच्या कांदाकोठीतला यंत्रमानव. रंगानं नारिंगी, पोटानं गोल. सुट्टीत आबांकडे, म्हणजे तिच्या आजोबांकडे, आलेल्या केतकीला चकमकीनं विस्तव पेटवायचा नाद लागला आणि तिचं पाहून यालाही. नाद कसला, वेडच म्हणा ना. सडके कांदे वेचायचे सोडून हा चकमक झाडत बसायचा.

आताही बंद कोठीच्या आत उभा राहून तो दगडावर पोलादाची पट्टी सटासट मारत होता. बाहेर उभ्या केतकीला आणि आबांना दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं. मघाशी अंगणात याच जोडीनं ठिणग्यांचा नुसता पाऊस पाडला होता. इथे मात्र एक ठिणगी नाही.

“माझा हात बिघडला वाटतं,” आतून भोपळ्याचा रडवेला आवाज आला.

“हात कसला बिघडतोय? कोन चुकतोय तुझा. थांब, आलो,” असं म्हणत आबांनी दाराची कडी धरली. चूक दिसली की स्वतःच्या हातानं सुधारल्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे.

कांद्यांना कोंब फुटू नयेत म्हणून या कोठीतला ऑक्सिजन (प्राणवायू) बराचसा काढून तिथे नायट्रोजन (नत्रवायू) भरलेला असे. आज माल काढायचा होता, म्हणून आबांनी सकाळीच आत ताजी हवा सोडली होती. दारावरच्या प्राणवायूच्या मापकाचा दिवाही हिरवा होता, म्हणजे आत जायला हरकत नव्हती.

केतकीचं हसू एकाएकी मावळलं. तिनं धावत जाऊन आबांचा हात धरला.

“आबा, कडी सोडा.”

“अगं, दिवा हिरवा आहे ना.”

“ठिणगी दगडाची नसते, हे तुम्हीच शिकवलंत मला.” तिनं काचेतून भोपळ्याकडे बोट दाखवलं. “दगड पोलादाहून कडक, म्हणून तो पोलादाचा बारीक कण खरवडून काढतो. घासल्यानं तो कण तापतो. खिळा गंजतो तेव्हा लोखंड आणि ऑक्सिजन हळूहळू एकत्र येतात. हा कण इतका बारीक, इतका तापलेला, की तेच काम क्षणात होतं आणि तो जळून उठतो. मग आत तो जळत का नाही, आबा?”

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. कडी सोडून ते चार पावलं मागे सरले. आत अजून नत्रवायूच भरलेला होता. नत्रवायूला वास नसतो, त्यात जीव घुसमटतोय हेही कळत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. भोपळ्याला तर श्वासच लागत नाही, त्याला कुठून कळणार?

दुरुस्तीवाले आले तेव्हा उलगडा झाला. ताजी हवा आत सोडणारी झडप बंदच अडकली होती आणि मापक बिघडून हिरव्यावरच थांबला होता.

संध्याकाळी झडप उघडली. भोपळ्यानं आत चकमक झाडली आणि ठिणग्या तडतडल्या. तो नाचायला लागला. आबा मात्र नवा मापक लागेपर्यंत उंबऱ्याबाहेरच थांबले. “ठिणगी पडली म्हणजे हवा चांगलीच, असं नाही,” ते हळूच म्हणाले. “पण पडली नाही, तर पाऊल टाकायचं नाही.”

मग त्यांनी केतकीला जवळ घेतलं. “उद्या एखाद्या परक्या ग्रहावर उतरलीस, तर चकमक बरोबर ने हो.”

“नेईन. पण दार तुम्ही उघडायचं नाही.”

आबांनी मुकाट्यानं मान डोलावली.