हळूबोले खाली आहेत

पाठ पाचवा : बागेत
ऐका. थांबा. पुन्हा म्हणा.

"बागेत झाडे आहेत," हळूबोले म्हणाले. "झाडांवर पक्षी आहेत. तुम्हाला पक्षी दिसतात का?"

तंद्रीला दिसत होते. ते जाडजूड हेडफोन चढवून डोळे मिटले, की तिला झाडं दिसत, पक्षी दिसत, झाडाखालच्या बाकावर पाय हलवत बसलेले हळूबोलेही दिसत. पुन्हा म्हणायचं तेवढं राहून जाई. म्हणून तर जेवणानंतर बाकीचे मैदानात उंडारत आणि तिला मात्र ऐकण्याच्या खोलीत, हवेच्या जाळीखालच्या टेबलाशी, तेच पाठ परत ऐकायला बसावं लागे.

हळूबोले हे काही खरं आडनाव नव्हे. या परक्या देशातल्या भाषाशाळेत उन्हाळी वर्ग सुरू झाला, त्या पहिल्याच सकाळी हेडफोनमधून एक घोगरा, मऊ आवाज आला होता : "कृपया हळू बोला." तंद्रीचा मावसभाऊ पोपट शेजारून म्हणाला, "गोडबोले असतात, तसे हे हळूबोले." नाव चिकटलं ते चिकटलंच.

पोपटला सगळे पाठ तोंडपाठ होते. अर्थ विचारू नये. तिसरी त्यांच्यातली छोटी. ती उंचीनं, गावाहून सोबत आलेल्या मॅडमच्याही वर गेली होती, पण घरी चार बहिणींत धाकटी, म्हणून छोटी.

पाठ दुसरा : माझा दिवस

मी सकाळी उठते. मी दात घासते. पुस्तकातला दिवस असा सरळ होता.

तंद्रीचा दिवस पाण्याखाली सुरू होई. ज्यांच्या घरी ती राहायची त्या इथल्या मावशी ओट्याशी उभ्या राहून काहीतरी विचारत. शब्द बुडबुड्यांसारखे वर येत आणि फुटत. तंद्री मान डोलवी. मान डोलवल्यामुळे तिला आजवर दोनदा जास्तीचा पाव, एक लोकरी टोपी आणि कानापर्यंत कापलेले केस मिळाले होते. मग बस. खिडकीला कपाळ टेकलं की रस्त्यावरची माणसं नुसतीच तोंडं हलवत जात, काचेच्या पेटीतल्या माशांसारखी. कोण रागावलंय, कोण घाईत आहे, कोणाला कोणाची आठवण येतेय, एवढं कळे. शब्द कळत नसले की बाकीचं फार ऐकू येतं, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पोपट म्हणाला असता, "झालं. लागली तंद्रीला तंद्री."

त्या दुपारी शाळेला आठवडाभराची सुट्टी लागणार होती. मुलांना न्यायला बस यायची होती. कॉरिडॉरमधले दिवे एकेक करून मालवले जात होते. तंद्रीनं पाचवा पाठ संपवला, हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि

पाठ

"कोणी आहे का?" हळूबोले म्हणाले.

तंद्रीनं हेडफोनकडे पाहिलं. तारेचं टोक तिनं मघाशीच काढून ठेवलं होतं.

"कोणी आहे का? कृपया दार उघडा."

आवाज डोक्यावरच्या जाळीतून येत होता.

पाठ नववा : घरात

"नवव्या पाठात असेल," तंद्रीनं ओढत आणलेला पोपट म्हणाला. "कृपया दार बंद करा. कृपया खिडकी उघडा. कृपया दिवा..." तो थांबला. ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पुस्तक मनात फिरून आला. "नाही गं. अख्ख्या पुस्तकात कोणी दार उघडतच नाही. जो तो येतो आणि बंद करतो."

मागोमाग आलेली छोटी टेबलावर चढली. तिला टाचा उंचवाव्याही लागल्या नाहीत. तिनं जाळीला कान लावला. "पत्र्याची नळी आहे. आवाज खालून येतोय. तळघरातून. खोकतायत पण."

"टेपमधले हळूबोले खोकत नाहीत," पोपट म्हणाला.

"टेप किती जुनी आहे बघ. तिच्यावर खरखर आहे," तंद्री म्हणाली. "तेव्हाचे काका आता आजोबा झाले असतील. टेपमध्ये आवाज तिथल्या तिथे राहिला, ते राहिले नाहीत."

पोपटनं तिच्याकडे नीट पाहिलं. एरवी एवढं लांब वाक्य ती मराठीतही बोलत नसे.

तेवढ्यात भाषेच्या बाई आल्या. जाळीतून हळूबोले पुन्हा म्हणाले, "कृपया दार उघडा." बाईंनी कपाळाला हात लावला, टेप चालू राहिली या समजुतीनं भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं आणि मुलांना बाहेर हाकललं. किल्ल्यांच्या खुळखुळाटात पुढचा "कृपया" विरून गेला. तो आधीच्यापेक्षा बारीक होता.

"आठवडाभर कोणी येणार नाही," छोटी म्हणाली. तिघं पहारेकऱ्याकडे धावली.

पाठ तिसरा : वर, खाली, आत, बाहेर

पहारेकरी दाराशी खुर्ची टाकून बसला होता. पोपट त्याच्यासमोर ताठ उभा राहिला आणि त्याच्या भाषेत म्हणाला, "नमस्कार. माणूस खाली आहे."

पहारेकरी हसला.

"माणूस वर नाही. माणूस आत आहे. माणूस बाहेर नाही."

"फार छान," पहारेकरी हळू आणि मोठ्यानं म्हणाला. "मांजर कुठे आहे?"

"मांजर टेबलाखाली आहे," पोपटच्या तोंडून निघून गेलं. पहारेकऱ्यानं टाळ्या वाजवल्या.

"अरे, मांजर कशाला आणलंस मध्ये?" छोटी दातओठ खात म्हणाली.

"त्यानं विचारलं. सवय आहे मला!"

मॅडम फाटकापाशी फोन कानाला लावून बसची वाट बघत होत्या. तंद्री त्यांच्या ओढणीला धरून उभी राहिली. "मॅडम, तळघरात कोणीतरी अडकलंय. मला ऐकू आलं."

"तुला काय, भिंतीही बोलताना ऐकू येतात," मॅडम प्रेमानंच म्हणाल्या. "जा, बॅगा आणा. हॅलो, हो, बस कुठवर आली?"

तंद्री परत आली. तिघं पायरीवर बसली. ऊन पिवळं, जड झालं होतं. सगळं शहर डुलकी काढत असल्यासारखं वाटत होतं, आणि त्या झोपेच्या तळाशी कोणीतरी हळू, स्पष्ट, अदबीनं मदत मागत होतं. इतक्या अदबीनं, की कोणाला ती मदतीची हाक वाटतच नव्हती.

"वाक्य बरोबर आहे रे तुझं," तंद्री एकदम म्हणाली. "शब्द चुकतोय."

"कुठला?"

रिकामी जागा भरा : ______ खाली आहे.

"माणूस खाली असला तर कोणाला काय?" तंद्री म्हणाली. "माणसं असतात खाली. बस आल्यावर मॅडम डोकी मोजणार. एक कमी भरलं तर?"

पोपटनं छोटीकडे पाहिलं. छोटीनं दोघांकडे पाहिलं.

"खोटं नाही बोलायचं हं," ती म्हणाली. "मी खरंच जाते खाली." आणि पायातले बूट हातात घेऊन ती पहारेकऱ्याच्या पाठीमागून जिन्यानं उतरली.

बस आली. मॅडमनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. त्यांचा फोन कानावरून खाली आला.

पोपट पहारेकऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. "नमस्कार," तो म्हणाला. "मुलगी खाली आहे."

खुर्ची उलटी पडली.

पाठ तिसरा (पुढे चालू)

पहारेकरी पुढे, मॅडम मागे, भाषेच्या बाई त्यांच्या मागे आणि गलका ऐकून ऑफिसातून धावत आलेले शाळेचे संचालक सगळ्यांत शेवटी. तळघरात कोंदट गारवा होता. टोकाला कापसानं मढवलेलं एक जाड दार होतं आणि त्याला पाठ लावून, पाय लांब पसरून छोटी बसली होती. पहारेकऱ्यानं तिला उठवायचा प्रयत्न केला. छोटी एकदा बसली की तिला उठवणं हे एका माणसाचं काम नव्हे.

"छोटी, हे काय चालवलंय?" मॅडमचा आवाज रडवेला झाला होता.

"मॅडम, दार उघडल्याशिवाय मी येत नाही. मग घरी कळवा, काहीही करा."

संचालकांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उतरला, की तंद्रीला एकही शब्द न कळता सगळं कळलं. त्यांनी खिशात हात घातला. किल्ली त्यांच्याच खिशात होती.

दार उघडलं.

आतली खोली जुन्या ध्वनिमुद्रणाची होती; सगळे पाठ इथेच टेपवर उतरले होते. सुट्टीत ती पाडायची होती. त्याआधी एकदा तिथे बसू द्या, अशी विनंती करून हळूबोले सकाळी आले होते. संचालकांनी त्यांना आत सोडलं, तेवढ्यात वर कोणाचा तरी फोन आला म्हणून ते गेले, आणि गेले ते गेलेच. दार आपोआप लागलं. आतली मूठ केव्हाच तुटली होती. हळूबोल्यांचा फोन कोटात होता आणि कोट वर ऑफिसात खुंटीला.

ते भिंतीला हात लावत बाहेर आले. बाकावर पाय हलवणारे नव्हते ते. ठेंगणे, पांढऱ्या भुवयांचे, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ओठ सुकले होते. पहारेकऱ्यानं पाणी दिलं. ते घटाघट प्यायले आणि मग संचालकांकडे वळून असे भरभर बोलत सुटले, की पोपट भांबावला.

"हा कितवा पाठ?"

"हा पुस्तकात घेतला नसणार," छोटी बूट चढवत म्हणाली.

पाठ नाही

फाटकाच्या सावलीत त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. डॉक्टर तपासून गेले होते. थकवा होता, बाकी ठीक होतं. रात्र मात्र तिथे निभली नसती, असं डॉक्टर म्हणाले. संचालक तिघांपुढे हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. एवढा मोठा माणूस आपल्यासमोर असा उभा राहिल्यावर काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पोपटनंही मान खाली घातली. पहारेकऱ्यानं आपली टोपी काढून पोपटच्या डोक्यावर ठेवली. ती नाकापर्यंत आली.

मॅडम तंद्रीजवळ येऊन उकिडव्या बसल्या. "तू सांगत होतीस," त्या म्हणाल्या, "आणि मी बसची चौकशी करत होते. पुन्हा असं झालं तर माझा फोन हिसकावून घे. खुशाल घे." मग त्यांनी तिला हळूबोल्यांपुढे नेलं आणि त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "हिनं ऐकलं."

म्हाताऱ्यानं तंद्रीचा हात हातात घेतला. त्यांनी काहीतरी विचारलं. एकेक शब्द सुटा करून, पुन्हा विचारलं.

तुला आणखी काय काय ऐकू येतं?

पोपट मदतीला पुढे सरकला. छोटीनं त्याला टोपीसकट मागे ओढलं.

तंद्री त्यांच्या भाषेत बोलू लागली. आधी झाडं आली, मग बस, मग काचेमागची माणसं. क्रियापदं मागेपुढे झाली, काही तर आलीच नाहीत. जिथे शब्द नव्हता तिथे तिनं तो आवाज काढून दाखवला : सकाळी ओट्याशी मावशी एकट्या गुणगुणतात तो, लिफ्टची दोरी ओढली जाते तो, आणि नळीतून येणारा एक माणूस प्रत्येक वेळी थोडा कमी होत जातो, तो.

बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न द्यायला हात उचलला होता. त्यानं तो परत मांडीवर ठेवला.