योहानाच्या पायातला पट्टा

"बाप रे... गेंडा बाहेर सुटला की काय!"

तो हे स्वतःशीच पुटपुटला. मराठीत, अगदी निर्धास्तपणे. परदेशात आपली भाषा कुणाला कळतेय, असं समजून माणसं काय काय बोलतात! जानेवारीतली सकाळ होती. भुरभुर पाऊस, कोविडमुळे बंद असलेलं प्राणिसंग्रहालय, आणि फाटकापाशी उभी मी – गमबुटांपासून टोपीपर्यंत चिखलात माखलेली, तोंडाला मास्क. तसं त्याचं फारसं चुकलं नव्हतं. पण म्हणून काय सोडून द्यायचं?

"सुटला नाहीये," मी म्हटलं. "त्याच्याकडे किल्ल्या दिल्यात." आणि जुडगा त्याच्यासमोर खुळखुळवला.

मास्कच्या वर त्याचे डोळे केवढे मोठे झाले... काळेभोर, ओशाळलेले. डाव्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तो आता पडेल, मग पडेल, म्हणून मी बघत राहिले आणि फाटक उघडायचं विसरले.

"सॉरी... म्हणजे... तुम्ही डॉक्टर धम्मदीपा?"

"आणि तुम्ही आइंडहोवनहून आलेले पट्टेवाले."

"एका वाक्यात इंजिनिअरचा शिपाई केलात की हो मला!"

"तुम्ही डॉक्टरचा गेंडा केलात. फिटंफाट."

तो हसला. मास्कमुळे हसू दिसलं नाही, पण डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. त्या मला उगाचच आवडल्या.

मी नागपूरची, जनावरांची डॉक्टर. इथे नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करते. आमचं काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. आफ्रिकेत शिंगासाठी गेंडे मारतात. शिकाऱ्यांची चाहूल लागली की गेंडा उधळतो. त्याच्या पायात पट्टा असेल, तर ते उधळणं पट्टा तिथल्या गस्तवाल्यांना तत्काळ कळवेल. आमच्यासोबत काम करणाऱ्या अभयारण्यात पर्यटक येणं थांबलं होतं, गस्तवाले निम्म्यावर आले होते, आणि ते लोक डोळ्यांत प्राण आणून आमच्या पट्ट्यांची वाट बघत होते. पण अट होती. पट्टा आधी इथल्या माणसाळलेल्या गेंड्याच्या पायात सलग एकवीस दिवस टिकला पाहिजे.

इथला गेंडा म्हणजे योहाना. वजन एकोणीसशे किलो, स्वभाव गोड, दागिन्यांची मात्र अजिबात हौस नाही.

आणि हे पट्टेवाले म्हणजे रविराज. तो आठवडाभर चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करायचा आणि शनिवार-रविवार हौसेनं आमचे पट्टे बनवायचा. पहिला पट्टा योहानानं चार दिवसांत खांबाला घासून तोडला. दुसरा दोन दिवसांत. तिसरा तर त्याची गाडी आइंडहोवनला पोचायच्या आतच! दर वेळी मी फोटो पाठवायची आणि दर शनिवारी तो अडीच तास प्रवास करून यायचा.

"गेंड्याची कातडी म्हणतात ती काही खोटी नाही," तो वैतागून म्हणायचा.

"साफ खोटी! साधी माशी बसली तरी कळतं तिला. म्हणून तर बिचारी चिखलात लोळते."

"मग मी तर माणूस आहे... मलाही सगळं कळतं," तो योहानाकडे बघत म्हणाला. पण ते तिला उद्देशून नव्हतं.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली. कालवे गोठले, अख्खं गाव बर्फावर घसरायला बाहेर पडलं. आम्ही दोघं योहानाच्या गोठ्यात, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून गवताच्या गठ्ठ्यांवर बसायचो. तिच्या श्वासाची वाफ आमच्यामधून तरंगत जायची. तो डब्यातून तिळाची चटणी आणि पोळ्या आणायचा, डबा मधल्या गठ्ठ्यावर ठेवायचा आणि मागे सरकायचा. मग मी पुढे व्हायची. कधी कधी त्याला मागे सरकायला जरा उशीर व्हायचा... आणि मला पुढे व्हायची जरा घाई. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही आठवत नाही.

सहा मार्चला त्यानं सहावा पट्टा आणला. योहानानं सफरचंदाच्या लालचीनं गजातून पाय पुढे केला, त्यानं पट्टा बांधला आणि मग बराच वेळ मला काही समजावून सांगत राहिला. आतलं पॅकिंग बदललंय, बॅटरी नवी, आणखी काहीतरी. मी मान डोलावत होते. खरं सांगायचं तर मी नुसती त्याचे डोळे बघत होते.

"हा टिकला ना," शेवटी तो म्हणाला, "तर बारा एप्रिलला मी चाळीस पट्टे घेऊन आफ्रिकेला निघतो. बसवायचे, दुरुस्त करायचे... वर्षभर तरी लागेल. ऑफिसनं बिनपगारी रजा दिलीय."

"वा!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

पाच दिवस गेले. दहा गेले. पंधरा. रोज सकाळी मी धावत योहानाच्या पायाकडे जायची. पट्टा जागच्या जागी! पूर्वी तो तुटला की हिरमुसणारी मी आता मनातल्या मनात तिला म्हणायची, अगं, घास की जरा! एवढा मोठा खांब दिलाय तुला. आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. तिकडे जनावरं जिवाला मुकताहेत, आणि मी माझ्या शनिवारांसाठी रडतेय.

विसाव्या दिवशी मी खोटं बोलले. मेसेज टाकला – 'पट्टा तुटला. उद्या येशील?'

उत्तर लगेच आलं. 'येतो.'

शनिवारी पुन्हा तोच भुरभुर पाऊस. आम्ही गोठ्याच्या दारात, मध्ये नेहमीचा गठ्ठा. योहाना बाहेर पोटापर्यंत चिखलात बसलेली, त्यामुळे पाय दिसायचा प्रश्नच नव्हता.

"तुटला तर," तो म्हणाला.

"हो ना."

"तुकडे?"

"चिखलात गेले असतील... सापडले नाहीत."

"अरेरे." त्यानं शांतपणे लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे वळवला. "मग ही कोण? काल चार वाजून दहा मिनिटांनी उजवा पाय खांबाला घासला. आज साडेसातला उठून पाण्यावर गेली. आत्ता चिखलात बसलीय. दीपा, हा पट्टा दर तासाला मला सगळं कळवतो. मी सांगितलं होतं तुला त्या दिवशी."

कानशिलं तापली. चिखलानं मला योहानासकट पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे मेसेज आला तेव्हाच तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आलास कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून."

आणि मला रडूच फुटलं. "मी फार वाईट वागले रे. तुटला असं धरलं असतं तर दिवस पहिल्यापासून मोजावे लागले असते. एकवीस दिवस उशीर! माझ्यामुळे तिथे एखादं जनावर..."

"मी मोजणी थांबवलीच नाही. आज एकविसावा आहे." त्यानं खिशातून चाचणीचा कागद काढला. "पण डॉक्टरची सही लागते. तू केलीस तर मी जाईन. आणि... मलाही जावंसं वाटत नाहीये. गेल्या आठवड्यात दोनदा वाटलं, तुटावा एकदाचा."

मी हातांचा चिखल जीन्सला पुसला आणि पेन घेतलं.

"तू जाऊ नयेस असं वाटतं मला," मी म्हटलं. "मी तुझ्या प्रेमात पडलेय. हे आधी नीट ऐक, मग मी सही करते." आणि केली.

मध्ये ठेवलेला गठ्ठा त्यानं पायानं बाजूला सारला आणि माझा चिखलाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

बारा एप्रिलला तो गेला.

जूनमध्ये, एका दुपारी, प्राणिसंग्रहालय पुन्हा सुरू झालेलं असताना त्याचा फोन आला. "दीपा, आज सकाळी तिघं कुंपण तोडून आत शिरले. एक मादी उधळली, पट्ट्यानं कळवलं. गस्तवाले वेळेत पोचले. शिकारी बंदूक टाकून पळाले. ती सुखरूप आहे... गाभण आहे गं ती."

"तिला पट्टा कधी बांधलास?"

"मागच्या मंगळवारी."

मी योहानाच्या कुंपणाचा खांब घट्ट धरला. एकवीस दिवसांचा हिशेब करायला बोटं लागली नाहीत; माझं खोटं चाललं असतं, तर आज तिच्या पायात पट्टा नसता.

"रडतेस?"

"हो. ती वाचली म्हणून. आणि तू इथे नाहीस म्हणून."

"दीपा... माझ्याशी लग्न करशील?"

"हे विचारायला एवढं लांब जावं लागलं?"

"जवळ होतो तेव्हा धीर झाला नाही."

मी 'हो' म्हटलं. नेमका तेव्हाच त्याचा आवाज तुटला – "हॅलो? हॅलो? काय म्हणालीस?" मग मी इतक्या जोरात ओरडून 'हो' म्हटलं, की शेजारी उभ्या दोन डच आजीबाई दचकल्या, माझ्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिल्या, आणि काहीही न कळता टाळ्या वाजवायला लागल्या.