टबातलं गाव

"आजही रिकामी," हाशिर बादली उलटी करून म्हणाला. "सलग पाचवा दिवस. आता बोल."

"तू कामचुकार आहेस, असं बोलते," त्याची ताई अफशाँ म्हणाली.

पण या खेपेला तो कामचुकार नव्हता. घरामागच्या बोळात एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली रोज ओतून यायची, एवढंच काम अम्मीने त्याला सुट्टीत दिलं होतं. ऑगस्टात सौदीतल्या अल-खोबरची हवा इतकी दमट असते, की दुपारपर्यंत बादली काठोकाठ भरते. ती आपोआप रिकामी होऊ लागल्यावर दुसरा कोणी खूश झाला असता. हाशिरला मात्र आपलं काम दुसऱ्याने न विचारता केलेलं खपत नसे. दहा वर्षांच्या माणसालाही मान असतो.

"आज पहारा ठेवू या," शेजारची सानिका म्हणाली. तिला वहीपासून सुटका हवीच होती. 'एका गावाची ओळख: वस्ती, शेती, पाणी, चालीरीती' असा सुट्टीचा अभ्यास होता, आणि यंदा तिघांपैकी कोणीच गावी गेलं नव्हतं. ते २०१३ साल होतं. कुठल्या कंपनीत सौदी माणसं किती आणि बाहेरची किती, याची मोजणी चालली होती, आणि बाहेरची कमी करायची होती. अशा वेळी रजा मागायची कोणाच्याच बाबांची छाती झाली नव्हती.

दुपारची अजान झाली आणि तिघं जिन्याखाली दबा धरून बसले. थोड्याच वेळात कंपाऊंडचे माळी, पाक सहनान, हातगाडी घेऊन आले. 'पाक' म्हणजे त्यांच्या भाषेत आपल्या 'काका'सारखं. त्यांनी बोळातली घरोघरची एकेक बादली गाडीवरच्या पिंपात ओतली, फडक्याने पुसली आणि जागच्या जागी ठेवली.

"चोर बादली पुसतो का कधी?" सानिका पुटपुटली. तिघं मागोमाग निघाले.

मोटरच्या खोलीमागे, सावलीत, एक फुटका बाथटब, दोन अर्धे कापलेले पिंप आणि एक जुनं घमेलं पायऱ्यांसारखं मांडलं होतं. चारही भांड्यांत हिरवीगार रोपं डुलत होती.

"भात!" हाशिर लपल्याचं विसरून ओरडला. "आमच्या दापोलीसारखं!"

पाक सहनान दचकले आणि मग हसले. हिंदी आणि अरबी कालवून ते सांगू लागले. त्यांचं गाव लेंडांग आइक, इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर, ज्वालामुखीच्या उतारावर. साठेक घरं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि सगळ्यांत मिळून एकच झरा. झऱ्याच्या वाटेत एक आडवा ओंडका, त्याला खाचा पाडलेल्या. ज्याचं शेत मोठं, त्याची खाच रुंद. ओंडक्यावर नजर ठेवायला गाव एक माणूस निवडतं. पाक सहनानांचे वडील वीस वर्षं तो माणूस होते.

बाथटबाच्या काठावरही वीतभर लाकडाचा तुकडा होता. त्याला तीन खाचा होत्या आणि त्यांतून तीन धारा खाली उतरत होत्या.

"आणि पाणी कमी आलं तर?" हाशिरने विचारलं.

"तर कोणाकडे बोट दाखवायचं नाही. सगळ्यांनी खालच्या शेतापासून वर झऱ्यापर्यंत पाण्याच्या कडेने चालायचं. पाणी कुठे वाट सोडतं, ते दिसतंच."

सानिकाची वही भराभर भरत होती.

"बघा मिशारीसाहेब, हे इथे जातंय आपलं पाणी!"

मागून आवाज आला. गोपीनाथकाका होते. अलिबागचे, बारा वर्षं कंपाऊंडची देखभाल बघणारे. सोबत सौदी मॅनेजर मिशारी होता, दोन महिन्यांपूर्वीच कामावर आलेला.

"टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, आता एक दिवसाआड येतो. टाकी तळाला, आणि हा भात लावतोय. पाणीचोर!"

मिशारीने सगळं शांतपणे पाहिलं. "उद्या दुपारी हेड ऑफिसला कळवतो," तो इंग्रजीत म्हणाला. "बाहेरच्यांच्या यादीतून एक नाव तसंही कमी करायचंय."

ते गेल्यावर पाक सहनान टबाच्या काठावर टेकले. "घरी पाठवलं तर चालेल," ते म्हणाले. "पण पाणीचोर? आमच्याकडे याहून वाईट शब्द नाही. तो घेऊन बापासमोर कसा उभा राहू?"

हाशिरने जमिनीवर पाय आपटला. "अख्खी टाकी इथे ओतली असती, तर हा भात पोहत गेटबाहेर गेला असता! एवढं कळत नाही मोठ्यांना?"

"ओरडून उपयोग नाही," अफशाँ म्हणाली. "उद्या आपण चालू या. खालून वर."

सकाळी आठलाच तिघं निघाले. टबापासून जमिनीतल्या टाकीपर्यंत, टाकीपासून मोटरपर्यंत. वाटेत कुठेच ओल नव्हती. मोटर घरघरत होती आणि पाणी भिंतीवरच्या पाइपातून गच्चीवर चढत होतं. हाशिर दिसेल त्या पाइपाला कान लावत चालला होता. एका जाड पाइपाशी तो थबकला.

"यातून पाणी खाली पडतंय. धो धो."

सानिकाने वर पाहिलं. "हा पाइप पावसाच्या पाण्याचा आहे."

"मग पाऊस कुठे आहे?" अफशाँने विचारलं. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

गच्चीवर एकट्याने जायचं नाही असा नियम होता, म्हणून त्यांनी पाक सहनानांना बोलावलं. गच्चीच्या दाराला तपासणीचा कागद लटकत होता. दर सोमवारी बरोबरची खूण, खाली गोपीनाथकाकांची सही. शेवटची सही परवाची.

"आणि कडीवर हे कोळ्याचं जाळं," हाशिर म्हणाला. "एवढं मोठं जाळं दोन दिवसांत होतं?"

दारापलीकडे गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पाणी थांबवणारा गोळा तुटून तळाशी पडला होता. मोटर पाणी चढवत होती आणि ते सगळं पावसाच्या पाइपातून सरळ गटारात जात होतं.

"चला, सांगू या सगळ्यांना!" हाशिर धावत सुटणार, तोच पाक सहनानांनी त्याचा हात धरला.

"बोट दाखवायचं नाही. त्यांनाही चालायला बोलवा."

दुपारी पाच-सहा जणांची दिंडीच निघाली. पुढे हाशिर, मागे मिशारी आणि सर्वांत मागे गोपीनाथकाका. पाइपाशी मिशारीने कान लावला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. मग जिना सुरू झाला. दुसऱ्या मजल्यावर गोपीनाथकाकांनी कठडा धरला आणि ते पायरीवरच बसले.

"मला वर येता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "सहा महिने झाले, गुडघे गेलेत. खालीच बसून सही करतो. हे कळलं असतं तर यादीतलं नाव माझं झालं असतं."

कालपासून रागावलेला हाशिरसुद्धा आपल्या चपलांकडे बघत राहिला.

मिशारी एकटा वर गेला. परत आला तेव्हा शर्ट ओलाचिंब आणि हातात तुटका गोळा होता. "दोन महिने मी खुर्चीत बसून चहा पितोय," तो म्हणाला. "खुर्ची दिली, काम कोणी सांगितलंच नाही. आजपासून गच्ची माझी. गोपीनाथ, तुम्ही खाली मोटर बघा." मग त्याने मुलांकडे पाहिलं. "माझ्या ऑफिसला जे दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं. शाबास."

"आणि यादी?" सानिकाने विचारलं.

उत्तर पाक सहनानांनी दिलं. "माझं नाव लिहा. वडील थकलेत, शेत वाट बघतंय. आता मी जाऊ शकतो. फक्त एक राहिलं. शब्द जिथे बोलला, तिथेच तो परत घ्यायचा असतो. पाण्याजवळ."

गोपीनाथकाका कण्हत उठले. मोटरच्या खोलीमागे आले आणि गुडघे धरत टबाशेजारी जमिनीवर बसले. "सहनान, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तू पाणी चोरलं नाहीस. तू वाचवलंस." त्यांचे डोळे भरले होते. पाक सहनानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

महिन्याभराने भात कापला. खोबरच्या उन्हात निम्मे दाणे पोचट निघाले. उरलेल्यांचा जेमतेम वाटीभर भात झाला आणि प्रत्येकाला एकेक चमचा मिळाला. अब्बा म्हणाले, असा भात त्यांनी दापोलीतही खाल्ला नव्हता. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण कोणी हरकत घेतली नाही.

जाताना पाक सहनानांनी खाचांचं लाकूड हाशिरच्या हातात दिलं, आणि त्याने ते पुन्हा टबाच्या काठावर बसवलं.

आता हाशिर रोज दुपारी सगळ्या बादल्यांचं पाणी टबातल्या नव्या रोपांना घालतो आणि बादल्या फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवतो. टबाशी गोपीनाथकाका खुर्ची टाकून बसलेले असतात. तीन धारा खाली उतरल्या, की ते विचारतात, "पाणी बरोबर वाटून दिलंस ना रे?"

"वाकून बघा ना, काका," हाशिर म्हणतो. आणि गुडघे कितीही दुखत असले, तरी गोपीनाथकाका वाकून बघतात.